बाया कर्वे: एका संसाराचा आधार

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे कार्य सर्वांना ठाऊक असले, तरी त्यांचा संसार ज्यांनी तोलून धरला त्या बाया कर्वे यांचे आयुष्य पाहिले म्हणजे सुधारणेची किंमत घरात कोण मोजत होते, हे उमगते. देवरुखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई, म्हणजेच पुढच्या बाया, बालपणीच विधवा झाल्या, केशवपन, म्हणजे विधवेचे केस भादरण्याची रूढी, त्यांच्याही वाट्याला आली, आणि १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन ही शाळा काढली तेव्हा तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी त्याच ठरल्या. १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह होताच कर्व्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी कुटुंबावर बहिष्कार घातला, म्हणजे पंगतीचा आणि येण्याजाण्याचा व्यवहारच तोडला.

पुढे पतीने आपली ५,००० रुपयांची विमा पॉलिसीही स्वतः काढलेल्या विधवांच्या आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा पोराबाळांच्या काळजीने बाया संतापल्या; हा संताप पूर्णपणे रास्त होता, आणि तो सोसूनही त्यांनी घर चालवले, ही गोष्ट पतीच्या त्यागाहून तसूभरही कमी नाही.

१९४४ साली त्यांचे ‘माझे पुराण’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि १९५० मध्ये त्या गेल्या. ज्यांच्या घरी आज अशी वयोवृद्ध आजी आहे, त्यांनी तिचे पुराण तिच्याच शब्दांत वेळेवर लिहून घ्यावे.