सुटीतली जपमाळ

‘सुटी’ या शब्दातच सुटणे आहे. वासरू दाव्यातून सुटते, पोरे शाळेतून सुटतात. पण एप्रिलच्या अखेरीस दप्तर फडताळात गेले म्हणजे त्याबरोबर आणखी काय काय सुटते? वसईकडच्या आम्हा कॅथलिक मुलांना हा प्रश्न जरा अवघड जाई; कारण आमचा देव बराचसा शाळेच्या वेळापत्रकातच मुक्कामाला असे. पहिल्या घंटेला प्रार्थना, मधल्या एका तासाला धर्मशिक्षण, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी रांगेने देवळात. घंटा वाजली की हात आपोआप जोडले जात. सुटी लागली की घंटाच बंद!

रविवारला मात्र सुटी नव्हती. रविवारची मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, पाहुण्यारावळ्यांच्या घरी असलात तरी चुकवायची नाही. आणि मे महिन्यात ती सोपी नसे. ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर आदल्या मध्यरात्रीपासून कडकडीत उपास. १९५३ सालापर्यंत तर पाण्याचा थेंबही चालत नसे. मी पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला १९५१ साली. देवळाची वाट केळीच्या वाड्यांमधून जाई. पहाटेच रहाट कुरकुरू लागलेले असत आणि पाटातले पाणी आमच्या पायांशेजारून खळखळत पुढे धावत असे. तहान म्हणजे काय ते मी त्या वाटेवर शिकलो. त्यात रात्रीच्या वाऱ्याने पडलेले आंबे! उचलावा, नाकाशी धरावा आणि चड्डीच्या खिशात टाकून द्यावा. मिस्सा लॅटिनमध्ये चाले. तिच्यातले एक अक्षर मला कळत नसे. खिशातल्या आंब्याचे मात्र सारे काही कळे.

पुढे १९५७ साली तो उपास तीन तासांवर आला आणि १९६४ साली एका तासावर. सोय झाली, यात शंका नाही. साखरेच्या दुखण्याच्या माझ्यासारख्या म्हाताऱ्याने तर आभारच मानावेत. पण मिस्सा संपल्यावर पायरीवर बसून खाल्लेल्या त्या आंब्याची सर नंतरच्या एकाही आंब्याला आली नाही, हेही सांगितले पाहिजे.

सुटीतली खरी प्रार्थना असे ती संध्याकाळची. मे हा आमच्याकडे मरियामातेचा महिना. दिवेलागणीला आजी पोरांना हाका मारून ओटीवर गोळा करी, मूर्तीपुढे मोगऱ्याची ओंजळ ठेवी आणि जपमाळ सुरू करी. आजी शाळेचे तोंड न पाहिलेली. पण जपमाळेला पुस्तक लागत नाही. दहा-दहा मण्यांचे पाच भाग, दर भागाला ख्रिस्ताच्या वा त्याच्या आईच्या आयुष्यातला एक प्रसंग मनापुढे आणायचा. आजी हे सारे मराठीत म्हणे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. म्हणजे आमचा देव मराठी ऐकू लागून तीनशेहून अधिक वर्षे लोटली होती, देवळात तेवढे लॅटिन चालू होते. मिस्सा मराठीत आली ती १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर. तोवर मला कळेल असा देव भेटे तो ओटीवर, डास मारता मारता.

कधी सारी आळी वाटेवरच्या क्रूसापाशी जमे. तिथे प्रार्थनेनंतर उकडलेले चणे वाटत. चण्यांसाठी येणारी पोरे पुष्कळ असत, आणि मोठी माणसे ते चांगले जाणून होती. कुणी कुणाला हटकले नाही. मला वाटते, तिथे फार मोठे शहाणपण होते.

जपमाळेची एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. ती दोघांत म्हणायची असते. ‘नमो मरिया’चा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, उरलेला इतरांनी. एकटा माणूस म्हणू शकतो, पण मग दोन्ही अर्धे त्यानेच म्हणायचे. माझी बायको गेल्यापासून मी ते करतो आहे. पहिला अर्धा म्हणून झाला की क्षणभर थांबायची सवय मात्र अजून मोडलेली नाही.

नातवंडे मे महिन्यात पुण्याहून येतात. त्यांच्या आईबापांची इच्छा, की मी त्यांना संध्याकाळी बसवावे. मी बसवीत नाही. घंटेवर जोडलेले हात घंटा थांबताच सुटतात, हे मी आमच्याच वर्गात पाहिले आहे. मी आपला दिवेलागणीला ओटीवर बसतो आणि मोठ्याने सुरुवात करतो, एवढेच. पहिली दोन वर्षे आतून फक्त मोबाइलचे आवाज येत.

या मे महिन्यात एका संध्याकाळी मी सवयीने थांबलो, तर उरलेला अर्धा भाग आतल्या खोलीतून आला. मधली नात, वय तेरा. पलंगावर लोळतच म्हणत असावी. मी वळून पाहिले नाही. पाहिले असते तर थांबली असती. दहा मणी झाले, वीस झाले. चौथ्या दिवशी ती उशी घेऊन ओटीवर आली.

गुरुवारी मी आनंदाची रहस्ये सुरू केली, आमच्या वेळच्या रीतीप्रमाणे, तर तिने मला अडवले. “आजोबा, गुरुवारी प्रकाशाची असतात!” खरेच आहे, पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली ही पाच नवी रहस्ये घातली, आणि पंधराची वीस झाली. तिची आजी ती म्हणत असे. मी नुसता मागून उत्तर देई, त्यामुळे क्रम कधी पाठ झालाच नाही. आता गुरुवारी पहिला अर्धा भाग नात म्हणते. काना गावच्या लग्नाचे रहस्य दुसरे, की तिसरे, हे मला अजून तिलाच विचारावे लागते.