परत फिरण्याची हिंमत

चांदवडकरांना डोंगराचं अप्रूप नाही. सातमाळ्याची रांग आमच्या उशालाच आहे. पावसाळ्यात कुठल्या कड्याखाली थांबू नये, हे इथल्या पोरांनाही कळतं. पण यंदा आमच्या भाच्याने डिसेंबरात उत्तराखंडच्या बर्फात चालायला जायचं ठरवलं आणि घरात काळजी शिरली. आपा म्हणाली, "भाई, तुम्हीच समजवा त्याला." समजवायचं तर आधी आपल्याला कळायला हवं, म्हणून आम्ही वाचायला बसलो.

थोडा बर्फ म्हणजे थोडा धोका, असं वरवर वाटतं. पण हिवाळ्याच्या तोंडाशी पडलेला पातळ थरच पुढे दगा देतो. खाली जमीन उबदार, वर हवा कडक थंड. जमिनीकडून वाफ वर चढते आणि थराच्या तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा तो थापून बसवतो. वरून सारं पक्कं दिसतं. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर माणसाचा भार पडला की दाणे ढासळतात आणि वरची अख्खी लादी सुटते. हौसेने डोंगरात गेलेल्यांचा बळी घेणारी लादी बहुतेक वेळा त्यांच्याच किंवा सोबत्याच्या पावलाने सुटलेली असते.

जाणत्यांनाही ती सोडत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा शिखरावर हिमप्रपातात सापडली. दोन डझनांहून अधिक जीव गेले. ३ फेब्रुवारी २०१६ला सियाचीनमध्ये दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या साताऱ्याच्या माण तालुक्यातले सुनील सूर्यवंशीही होते. सहा दिवसांनी हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले, पण तेही ११ फेब्रुवारीला गेले.

असा चमत्कार विरळाच. गाडलेल्या माणसाच्या हाती पहिली दहा-पंधरा मिनिटं असतात. गावाहून मदत येईतो ती संपतात. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारं-घेणारं यंत्र, पाठीवर लांब सळई आणि फावडं हवं, आणि ते वापरण्याचा सराव हवा. पायाखाली धप्पकन आवाज झाला, बर्फाला तडा गेला, शेजारच्या उतारावर ताजी घसरण दिसली, तर पुढे जायचं नाही.

भाच्याला आम्ही जाऊ नकोस म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "बेटा, तुमच्या टोळीत 'परत फिरू या' म्हणणारा कोण आहे?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "मामू, सगळे भरायला तयार आहेत पैसे. हे कुणी ठरवलंच नाही."

आम्ही म्हटलं, "आधी ते ठरवा. मग आपाकडे आम्ही बोलतो."