दुपारचा विसावा

गेली २६ वर्षे मी इंदापुरात दवाखाना चालवतो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी बारामतीत रुग्ण पाहतो. या काळात वृद्धांच्या मुलामुलींनी मला विचारलेल्या प्रश्नांत हळूहळू फरक पडत गेला. पूर्वी ती विचारीत, ‘डॉक्टर, वडिलांना काशीयात्रा झेपेल का?’ आता एखादा विचारतो, ‘आईबाबांना इटली दाखवायची आहे, नेऊ का?’ उसाच्या आणि डाळिंबांच्या मुलखात हा प्रश्न कुणाला नवलाचा वाटेल. परंतु बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तीनचाकी वाहने तयार करणारी पियाजिओ आणि चॉकलेट तयार करणारी फेरेरो या दोन्ही कंपन्या मूळच्या इटलीच्याच. आपल्या रस्त्यांवरून धावणाऱ्या ‘ॲपे’ या नावाचा इटालियन भाषेतला अर्थ मधमाशी, हे मला तिथे काम करणाऱ्या एका रुग्णानेच सांगितले. त्या कारखान्यांमुळे म्हणा, परदेशी स्थिरावलेल्या लेकरांमुळे म्हणा, रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही नावे आता आमच्या तपासणीच्या टेबलाशी पोहोचली आहेत.

असा प्रश्न घेऊन कुणी आले की रक्तदाबाचा पट्टा बांधण्याआधी मी उलट विचारतो, ‘मुक्काम कुठे ठरवला आहे?’ हा प्रश्न डॉक्टरने विचारण्याजोगा आहे, असे बहुतेकांना वाटत नाही. ‘स्वस्तात चांगले हॉटेल मिळाले आहे, गावापासून थोडे लांब आहे एवढेच,’ असे उत्तर येते. त्या ‘थोडे लांब’पाशी मी अडतो.

खरे तर आमच्या भागाला मुक्कामाचे शास्त्र शिकवण्याची गरज नाही. तुकोबांची पालखी देहूहून निघून बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी मजल दरमजल करीत पंढरपूरकडे जाते. तिच्या वेळापत्रकात रात्रीच्या मुक्कामाइतकाच मान दुपारच्या विसाव्याला असतो. म्हातारी माणसे पंढरपूरपर्यंत चालत जातात, ती त्या विसाव्याच्या बळावर. झाडाखाली पाठ टेकली, पाणी प्याले, पाय चोळले, की पुढची वाट सुरू. परदेशाच्या सहलीत आपण मुक्काम ठरवतो आणि विसावा विसरतो.

याचे मोल काय, ते एका निवृत्त गुरुजींच्या उदाहरणाने सांगतो. त्यांचे वय ७४. हृदयाचे स्नायू दुबळे झालेले, त्यासाठी रोज सकाळी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी चालू. ते एका सहलीबरोबर युरोपला गेले. रात्रीची हॉटेले स्वच्छ होती, पण शहराबाहेर, महामार्गालगत. सकाळी आठला बसमध्ये बसायचे, रात्री नऊला परत. मधल्या तेरा तासांत पाठ टेकण्याची सोय नाही आणि स्वच्छतागृहाची शाश्वती नाही. गुरुजींनी त्यावर आपल्यापुरता उपाय शोधला: गोळी बंद केली आणि पाणी पिणे निम्म्यावर आणले. लाजेपोटी कुणाला सांगितलेही नाही. सहाव्या दिवशी पायांवर सूज चढली, रात्री उशाला तीन उशा घेऊनही श्वास पुरेना. परतल्यावर विमानतळावरून ते थेट रुग्णालयात गेले आणि अतिदक्षता विभागात चार दिवस राहिले. ते वाचले. पण रोम कसे होते असे विचारले तर आजही म्हणतात, ‘बसच्या काचेतून बरे दिसले.’

म्हणून वृद्धांसाठी हॉटेलची जागा चांगली की वाईट, हे ठरवण्याचे माझे माप असे आहे: दुपारी एक वाजता, फार पायपीट न करता, स्वतःच्या खोलीत परतता येते का? येत असेल तर जागा चांगली. तास-दीड तास आडवे व्हायचे, स्वतःचे स्वच्छतागृह वापरायचे, दुपारची गोळी घ्यायची आणि चारला पुन्हा बाहेर पडायचे. असे होत असेल तर ८० वर्षांचे माणूसही आठ दिवस आनंदाने फिरते.

हे मी अनुभवाने सांगतो. २०२३ च्या ऑक्टोबरात मी, पत्नी आणि माझी आई असे तिघे दहा दिवस इटलीत होतो. आईचे वय तेव्हा ७९, दोन्ही गुडघे झिजलेले, मधुमेह इन्सुलिनवर. ऑक्टोबर मुद्दाम निवडला. जुलै-ऑगस्टात तिथला उन्हाळा आपल्या मे महिन्याला हार जात नाही.

रोममध्ये स्वस्त हॉटेले तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्थानकाभोवती पुष्कळ आहेत. काही गल्ल्या कळकट आहेत, हे खरे. तरीही वृद्धांच्या दृष्टीने या भागाची बाजू घेतो. विमानतळावरून थेट गाडी साधारण अर्ध्या तासात इथे येते, शहरातल्या दोन मुख्य मेट्रो इथेच एकमेकींना छेदतात आणि आसपास भारतीय व बांगलादेशी खानावळी असल्याने डाळभात मिळतो. सामान ओढत न्यावे लागत नाही, ही गोष्ट तर लाखमोलाची. रोमचे जुने रस्ते लहान काळ्या दगडांनी फरसलेले आहेत. त्यावर बॅगेची चाके अडतात आणि म्हाताऱ्यांचे घोटेही मुरगळतात. शहराबाहेरची खोली रात्रीला वीस-पंचवीस युरोंनी स्वस्त पडते. पण तिघांचे जाण्यायेण्याचे तिकीट आणि एखाद्या थकलेल्या संध्याकाळची टॅक्सी धरली की ती बचत उरत नाही, आणि विसावा जातो तो वेगळाच.

आम्ही मात्र राहिलो ते एका मठाच्या अतिथिगृहात, व्हॅटिकनपासून दहा मिनिटांच्या अंतरावर. रोम हे शेवटी यात्रेचे गाव. १३०० सालापासून तिथे ख्रिस्ती धर्माची महापर्वे भरतात; हल्ली ती साधारणपणे २५ वर्षांनी येतात, २०२५ हे तसेच वर्ष होते. इतक्या यात्रेकरूंना राहायला जागा हवी, म्हणून धार्मिक संस्थांनी अतिथिगृहे चालवण्याची परंपरा तिथे जुनी आहे. ‘कासा पेर फेरिए’ या नावाने ती शोधता येतात आणि बहुतेक ठिकाणी धर्म विचारला जात नाही. शेगावच्या भक्तनिवासात राहिलेल्या माणसाला तिथे परके वाटणार नाही: साधी लोखंडी खाट, पांढरीशुभ्र चादर, शांत जेवणघर आणि रात्री ठरावीक वेळेला बंद होणारा दरवाजा. तरुणांना तो दरवाजा जाचतो. आई मात्र पहिल्या रात्री म्हणाली, ‘चला, इथे कुणी जागे राहायला सांगणार नाही.’ दुपारी ती दीड तास झोपे आणि संध्याकाळी सेंट पीटरच्या प्रांगणात खांबांच्या सावलीत बसे. बारा दगडी इमारती पाहण्यापेक्षा एका ठिकाणी बसून माणसे पाहणे तिला अधिक आवडले. मला त्यात गैर काही दिसले नाही.

फ्लॉरेन्स वृद्धांना सर्वांत सोपे. सान्ता मारिया नोव्हेल्ला स्थानकापासून मुख्य चर्च रमतगमत पंधरा-वीस मिनिटांवर आहे, गावाचा मधला भाग सपाट आहे आणि स्थानकालगतच मध्यम दराची हॉटेले आहेत. ४६३ पायऱ्यांचा घुमट मुलांनी चढावा, आपण खाली बसून कॉफी घ्यावी. इथे सांभाळायची गोष्ट एकच. जुन्या इमारतींत हॉटेल बहुधा तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असते. लिफ्ट आहे असे लिहिलेले असले तरी लिफ्टपर्यंत आठ-दहा पायऱ्या असू शकतात, आणि ती लिफ्टही एक बॅग व दोन माणसे एवढीच. आमच्या हॉटेलच्या लिफ्टला आईने ‘पाळणा’ हे नाव ठेवले. एके दिवशी पिसाला जाताना गाडी पोन्तेदेरा स्थानकावर थांबली. पियाजिओचे मुख्यालय त्या गावी. तिथे कंपनीचे संग्रहालयही आहे. बारामतीच्या ॲपेचे हे माहेर, असे सांगितल्यावर आईने खिडकीतून वाकून पाहिले आणि एकही रिक्षा दिसत नाही अशी तक्रार केली.

व्हेनिसबाबत माझे मत प्रचलित सल्ल्याच्या उलट आहे. जो तो सांगतो, व्हेनिस महाग आहे, तेव्हा मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे या उपनगरात राहा. गाडी दहा-बारा मिनिटांत पोहोचवते. तिशीतल्या जोडप्याने खुशाल तसे करावे. पण व्हेनिसमध्ये मोटार नाही, रिक्षा नाही. कालव्यांवर चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. तिथे दुपारी गुडघे बोलू लागले की मेस्त्रेला परत जाणे आणि पुन्हा येणे म्हाताऱ्या माणसाकडून होत नाही. मग ते एखाद्या पायरीवर बसून मुलांची वाट पाहते. त्यापेक्षा तीनऐवजी दोनच रात्री राहा, पण व्हेनिसमध्ये राहा, आणि तेही पूल ओलांडावा लागणार नाही अशा जागी. सान्ता लुचीया स्थानकातून बाहेर पडून डावीकडे वळले की लिस्ता दि स्पान्या हा रस्ता लागतो. तिथल्या हॉटेलांपर्यंत एकही पूल मध्ये येत नाही. स्थानकासमोरच जलबसचा धक्का आहे. तिथून एक क्रमांकाची बोट मुख्य कालव्यातून सावकाश सान मार्कोपर्यंत नेते. आईने व्हेनिस पाहिले ते बहुतांशी त्या बोटीत बसून, आणि माझ्या मते आम्हा दोघांपेक्षा चांगले पाहिले.

आता खोलीच्या आतले. घरात कधी न पडलेले वृद्ध परक्या खोलीत रात्री लघवीला उठताना पडतात. दिव्याचे बटण सापडत नाही, स्वच्छतागृहाच्या दाराशी अनपेक्षित उंबरा असतो. ७५ नंतर खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घरांनी भोगले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. म्हणून पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंत रात्रभर जळेल असा छोटा प्लगचा दिवा घरून न्या, आणि तिथल्या सॉकेटला बसणारी पिनही. अंघोळीसाठी उंच काठाचा टब असलेली खोली नको. जमिनीलगतचा शॉवर मागून घ्या. आपल्या ज्येष्ठांची एक अडचण कुणी उघड बोलत नाही, ती मी बोलतो. शौचाला पाणी मिळेल का, या चिंतेने कित्येक जण पोट बांधून ठेवतात आणि बद्धकोष्ठ घेऊन परततात. इटलीपुरती ती चिंता सोडा. कमोडशेजारी ‘बिडे’ नावाचे नळाचे बसके भांडे असते, ते त्याच कामासाठी आहे. १९७५ पासून तिथल्या घरांत ते कायद्यानेच आवश्यक आहे. न्हाणीघरात छताजवळून लोंबणारी दोरी मात्र टॉवेल वाळत घालण्यासाठी नाही. ती मदतीची घंटा आहे. आईने ती पहिल्याच दिवशी ओढली आणि मठातल्या दोन बहिणी धावत आल्या, त्यामुळे घंटा चालते याची खात्री झाली.

इन्सुलिन सामानाच्या बॅगेत देऊ नका, तिथे ते गोठू शकते. हातातल्या पिशवीत ठेवा. खोलीत लहान फ्रीज आहे का, ते आधी विचारा. प्रवास विमा व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा लागतोच, पण आधीपासून असलेले आजार त्यात धरले आहेत का, ती ओळ स्वतः वाचा. हॉटेलचे नाव, पत्ता आणि आणीबाणीचा ११२ हा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ज्येष्ठांच्या खिशात असू द्या. हॉटेलच्या दराखेरीज दर माणशी दर रात्री काही युरो पर्यटन कर तिथेच भरावा लागतो, तोही हिशेबात धरा. भाड्याची सदनिका स्वस्त मिळते आणि पोहे करता येतात, हा मोह मोठा आहे. तिथे किल्ली मात्र अनेकदा दारावरच्या पेटीत असते आणि रात्री हाक मारायला कुणी नसते. सोबत हृदयरोगी असेल तर मी रात्री माणूस बसतो अशाच हॉटेलचा आग्रह धरतो.

खोली घेण्यापूर्वी हॉटेलला थेट पत्र लिहा. मी चारच प्रश्न पाठवले होते: रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती, लिफ्ट किती माणसांची, शॉवरला उंबरा आहे का, आणि रात्री कुणी जागे असते का. फ्लॉरेन्समधल्या तीन हॉटेलांना लिहिले. एकाने उत्तर दिले नाही. दुसऱ्याने ‘आपले स्वागत आहे’ एवढेच कळवले. तिसऱ्याने लिहिले, ‘दारात तीन पायऱ्या, उजव्या हाताला कठडा, मग लिफ्ट, आईंना पलंगाची उंची किती लागेल?’ ते रात्रीला १८ युरोंनी महाग होते. त्याच दिवशी पैसे भरले.