ओलं फडकं

बरेच दिवस काही लिहिलं नाही. कारण आमचा संगणक. चालू केला की दहा मिनिटांत आपला आपण बंद! भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मामी, आधी आत धूळ किती आहे ते बघ."

"थांब, फडकं ओलं करून आणते," मी म्हटलं.

"अगं, ओलं नको!"

मला १९८६ ची दिवाळी आठवली. साफसफाईच्या भरात मी ह्यांचा टू-इन-वन मागून उघडून ओल्या फडक्याने लख्ख पुसला आणि लगेच प्लग लावला. जळका वास आला, संपलं. "जाऊ दे, जुना झाला होता," एवढंच हे म्हणाले. जुना कुठला, तीन वर्षांचा होता.

असो. ह्या वेळी शहाण्यासारखं केलं. वायर काढली, मग चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, आत उरलेली वीज निघून जावी म्हणून. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही. त्यात वीज टिकून राहते. आत हात घालण्याआधी पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावला, म्हणजे अंगावरची स्थिर वीज सर्किटवर जात नाही. व्हॅक्यूम क्लीनरनेही ती तयार होते, म्हणून तो नको. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते (शाळेत खडूची धूळ फुंकायची सवय, काय करणार!).

पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांत जुन्या गादीतल्या कापसासारखा थर! उष्णता बाहेर जाईना, म्हणून प्रोसेसर स्वतःला वाचवायला बंद पडत होता. पंखा बोटाने धरून चित्रकलेच्या मऊ कुंचल्याने सगळं झाडलं. एके ठिकाणी चिकट मळ होता, तिथे ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. जखमेवर लावतात त्यात पाणी बरंच असतं, ते चालत नाही. खिडक्या उघडल्या, देवापुढचा दिवा विझवला. रात्रभर वाळू दिलं. आता तासन् तास चालतो.

मग धीर करून माळ्यावरून टू-इन-वन उतरवला. ह्यांनी तो कधी टाकू दिला नव्हता. सर्किटवर हिरवा गंज, तांब्याची एक रेघ तुटलेली. गंज कुंचल्याने हळूहळू काढला. आत कॅसेट तशीच आहे.

भाचा रविवारी सोल्डरिंगचं सामान घेऊन येतोय. त्याला पुरणपोळी कबूल केली आहे.