मांडवावरची वेल

मांडव उभा करणें लोहाराचें काम. पण त्यावर कोणती वेल चढवावी, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत निघाला म्हणजे त्याचा निकाल एका बैठकींत लागत नाहीं. आमच्या अंबाजोगाईच्या घरीं तो यंदां चैत्रांत निघाला. थोरल्या वहिनींस आतां जिना चढवत नाहीं, म्हणून त्यांची खाट पश्चिमेच्या पडवींत आणली. पडवीवर पत्रे, आणि बालाघाटाच्या या पठारावर वैशाखांत पारा चाळिशी ओलांडतो. दुपारीं तीननंतर तेथें बसणें म्हणजे तव्यावर बसणें. पडवीपुढें लोखंडी नळ्यांचा मांडव घालावयाचें ठरलें. वहिनींचें वय चौऱ्याऐंशी. तेव्हां वेल लवकर वाढणारी हवी, हें सर्वांनीं न बोलतां जाणलें होतें. वाद होता तो कोणती, एवढाच.

पुतण्याची शिफारस बोगनवेलीची. ती चिवट खरी, आणि दुष्काळी मुलखास मानवणारी. पाणी हात राखून घातलें तर उलट अधिक रंगते. आपण जीं तिचीं फुलें म्हणतों, तीं वस्तुतः रंगीत पानें. खरें फूल त्यांच्या पोटांतलें, पांढरें, लहानसें. परंतु कांटे! ज्या खाटेभोंवतीं नातवंडें खेळावयाचीं, तिच्यावर कांटेरी छत मला मान्य नव्हतें.

सूनबाईनें मधुमालती सुचविली. ही संस्कृत काव्यांतील माधवी किंवा मालती, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. मालती म्हणजे जाईच्या कुळांतली. माधवी ही निराळीच रानवेल. आणि दारोदारीं दिसणारी मधुमालती ती रंगूनची वेल. तिचें जुनें शास्त्रीय नांव ‘क्विसक्वालिस’. सतराव्या शतकांत रम्फियस नांवाच्या वनस्पतिज्ञानें तें योजिलें. लॅटिनांतील ‘क्विस’ म्हणजे आपला ‘कः’, आणि ‘क्वालिस’ म्हणजे ‘कीदृशः’. कोण ही, आणि कशी? संध्याकाळीं पांढरें उमललेलें फूल दुसऱ्या दिवशीं गुलाबी आणि मग तांबडें झालेलें ज्यानें पाहिलें, त्यास हें नांव पटल्यावांचून राहणार नाहीं. वाढ झपाट्याची, पण वजनही तसेंच. बांबूचा मांडव तिच्याखालीं टिकत नाहीं.

शेवटचा शब्द मात्र पाण्याचा. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटलें आणि शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें येथें कोणीच विसरलेलें नाहीं. स्वयंपाकघरांतलें तांदूळ-भाज्या धुतलेलें पाणी, एवढीच वेलींची तरतूद. हौस म्हणून पांच वेली लावणें आम्हांस परवडणारें नव्हतें.

वहिनींस सर्वांत शेवटीं विचारलें, हें काहीं योग्य झालें नाहीं. त्या म्हणाल्या, “भाऊजी, मला जाई हवी.”

जाई भरावयास दोन-तीन वर्षें लागतात. कोणीच कांहीं बोललें नाहीं. मग त्याच म्हणाल्या, “सावलीला तुम्हांला हवें तें लावा हो. जाई देवघराच्या खिडकीशीं लावा. घराला जाई नाहीं, हें बरें दिसत नाहीं.”

मृगाचा पाऊस पडल्यावर पश्चिमेच्या दोन खांबांशीं मधुमालती लावली. तिची सावली यंदां मिळणें नाहीं, म्हणून मधल्या जागेंत गोकर्णाचें बीं टोंचलें. त्याचें कवच कठीण. रात्रभर भिजत घालावें, म्हणजे लवकर उगवतें आणि दीड-दोन महिन्यांत फुलूं लागतें. शेंगवर्गांतलें असल्यामुळें तें जमिनीचा कसही वाढवितें. जाई मुद्दाम दूर लावली. मधुमालतीच्या सांवलींत ती तग धरती ना.

आज भाद्रपद. गोकर्ण वरच्या नळीपर्यंत पोंचला आहे; श्रावणांत सोमवारीं शंकराला त्याचीं निळीं फुलें घरचीं झालीं. सावली अजून चाळणीसारखी आहे, तरी खाट तेथून हलवावी लागत नाहीं. मधुमालती पुरुषभर उंच गेली. जाई जेमतेम दोन हात. पण तांदूळ धुतलेलें पाणी आधीं तिला घालावयाचें, असा वहिनींचा हुकूम आहे. सूनबाईची त्यास अद्याप हरकत आहे.