चिप बदलण्याआधी

होम थिएटर रिसीव्हरचं झाकण उघडून आवाज सुधारायला निघालेली माणसं साधारण एकाच वाटेने जातात. आधी प्रीॲम्पच्या भागातल्या आठ पायांच्या ऑप-ॲम्प चिप काढायच्या आणि त्यांच्या जागी एलएम४५६२ किंवा ओपीए२१३४ बसवायच्या. मग सिग्नलच्या वाटेवरचे कंडेन्सर काढून ‘ऑडिओ ग्रेड’ म्हणवणारे महागडे लावायचे. तेवढ्याने भागलं नाही तर पॉवर सप्लायमधल्या जाडजूड कंडेन्सरच्या जागी त्याहून जाडजूड आणायचे. सोल्डरिंग आयर्न हातात घेणाऱ्यांतलाच मी एक असल्यामुळे या खटाटोपामागची ओढ मला कळते. पण उघडलेले रिसीव्हर बघून, मोजून आणि ऐकून माझं मत आता पक्कं झालं आहे. रिसीव्हरमध्ये जे बिघडलंय ते दुरुस्त केलं तर आवाज खरोखर सुधारतो. जे धडधाकट चाललंय ते बदललं तर बहुतेक वेळा फक्त मालकाचं समाधान वाढतं.

ऑप-ॲम्पचंच घ्या. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आलेली एनई५५३२ ही चिप आज स्वस्तातली म्हणून हिणवली जाते. पण रेकॉर्डिंग स्टुडिओंतल्या मिक्सिंग कन्सोलमध्ये ती वर्षानुवर्षं ओळीने बसलेली आहे. आपण घरी ज्या रेकॉर्डिंगच्या ‘शुद्धते’साठी धडपडतो, त्यांतली कितीतरी अशा चिपांच्या रांगेतून गेल्यावरच आपल्यापर्यंत पोचली. नीट वापरली तर तिची विकृती ०.००१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहते. पुढच्या पॉवर ॲम्पच्या माहितीपत्रकात मात्र ०.०५ किंवा ०.०८ टक्के हा आकडा सर्रास दिसतो, आणि स्पीकर तर मोठ्या आवाजात खर्ज वाजवताना एक टक्का सहज ओलांडतो. साखळीतली सगळ्यात मजबूत कडी काढून आणखी मजबूत लावण्याचा हा प्रकार आहे. कंडेन्सरचंही तेच. १० मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक पुढच्या ४७ किलोओहमला जोडलेला असेल, तर त्याची खालची सीमा साधारण ०.३४ हर्ट्झला येते. २० हर्ट्झलासुद्धा त्याच्या दोन टोकांत सिग्नलच्या दोन टक्क्यांहून कमी व्होल्टेज उरतं. ज्याच्यावर व्होल्टेजच पडत नाही, तो विकृती कुठून आणणार?

उलट अशा बदलांत नुकसानीच्या वाटा भरपूर असतात. वेगवान चिप जुन्या बोर्डावर बसवली आणि तिच्या सप्लायच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक नसला, तर ती मेगाहर्ट्झमध्ये आपल्याशीच गुणगुणत बसते. ते कानाला ऐकू येत नाही, पण चिप तापते आणि आवाजात एक खरखरीत कड येते. काही जण तिलाच ‘डिटेल’ म्हणतात! पृष्ठभागावर चिकटवलेल्या बारीक चिप काढताना उष्णता जरा जास्त झाली की पॅड उखडतो आणि केसासारखी तार ओढून ट्रॅक जोडत बसावं लागतं. नामांकित चिपच्या नावाने भलतीच चिप खपवण्याचा धंदा जगभर चालतो, तो वेगळाच. शिवाय प्लग काढल्यानंतरही मोठ्या कंडेन्सरमध्ये पन्नास-साठ व्होल्ट टिकून असतात, हे विसरणाऱ्याला ते झटक्यात आठवण करून देतात.

यावर ठरलेला आक्षेप असा, की आकडे राहू द्या, बदल आम्हाला कानांनी ऐकू आला. कानावर माझाही विश्वास आहे. अविश्वास आहे तो तुलनेच्या पद्धतीवर. चिप बदलायला दोन-तीन तास जातात आणि तेवढा वेळ आवाजाचा पोत कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यात नंतरचा आवाज अर्ध्या डेसिबलने जरी मोठा असला, तरी तो मोठा न वाटता चांगला वाटतो. म्हणून गंभीर चाचण्यांत दोन्ही पातळ्या ०.१ डेसिबलपर्यंत जुळवून घेतात आणि काय वाजतंय ते ऐकणाऱ्याला सांगत नाहीत. ॲम्प्लिफायरमध्ये फरक नसतोच, असं मात्र मी म्हणत नाही. १९८५ साली बॉब कार्व्हर या अमेरिकी अभियंत्याने ‘स्टीरिओफाइल’ मासिकाचं आव्हान घेतलं. मासिकाने निवडलेल्या महागड्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसारखा आवाज त्याने स्वतःच्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमधून काढून दाखवायचा होता. त्याने दोघांचे सिग्नल एकमेकांतून वजा केले आणि उरलेला फरक जवळजवळ नाहीसा होईपर्यंत आपल्या सर्किटमध्ये फेरफार केले. शेवटी त्या मासिकाच्या कसलेल्या कानांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. यात कानाचाही मान राहिला आणि मोजमापाचाही: फरक ऐकू येत होता तेव्हा तो मोजता येत होता, मोजून मिटवल्यावर ऐकू येईनासा झाला. आणि हे सगळं त्याने महागडे भाग न लावता केलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कंपन्या पैसा वाचवतात, मग ती कसर आपण का भरून काढू नये? वाचवतात हे खरंच. एकाच ट्रान्सफॉर्मरवर सात चॅनल लटकलेले असतात, आणि खोक्यावरचा वॅटचा आकडा बहुधा दोनच चॅनल चालू ठेवून मोजलेला असतो. पण ही कसर चिप बदलून निघत नाही. निघते ती, रिसीव्हरला प्रीआउट असतील तर समोरच्या स्पीकरांना वेगळा पॉवर ॲम्प जोडून. तीही मर्यादेतच, कारण वॅट दुप्पट केले तरी पदरात तीनच डेसिबल पडतात. कंजुषीचा खरा परिणाम वय वाढल्यावर दिसतो, आणि सोल्डरिंग आयर्नचं खरं काम तिथेच आहे. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या रिसीव्हरमध्ये हीट सिंकलगतच्या कंडेन्सरची टोपी फुगलेली असते. रेग्युलेटरच्या पायाभोवतीच्या सोल्डरला भिंग धरून पाहिलं की बारीक गोल चीर दिसते. भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला पिवळट गोंद उष्णतेने तपकिरी होतो, थोडी वीज वाहून नेऊ लागतो आणि शेजारचे पाय खातो. स्पीकर रिलेचे संपर्क काळवंडले, की कमी आवाजात एक बाजू गायब होते आणि व्हॉल्यूम वाढवला की धप्पकन परत येते. असा रिले बदला, चिरांवर नवं सोल्डर मारा, १०५ अंशांचे कंडेन्सर लावा. फरक कळायला कुणाचे कान तयार असावे लागत नाहीत. आणि मग तो रिसीव्हर टीव्हीखालच्या बंद कपाटातून बाहेर काढा. तापमान दहा अंशांनी उतरलं, की इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं.

एवढं केल्यावरही खर्ज घुमत असेल, तर दोष खोलीचा. १२ फूट लांबीच्या दिवाणखान्यात पहिला अनुनाद ४७ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि आपल्याकडे सोफा असतो नेमका भिंतीला टेकलेला, म्हणजे जिथे तो सर्वाधिक जोर धरतो तिथेच. जागा बदलली तर त्या पट्ट्यात दहा डेसिबलचा फरक सहज पडतो. तेवढा फरक कुठल्याही ऑप-ॲम्पच्या बापाला जमणार नाही. सोफा हात-दीड हात पुढे ओढायला पैसे पडत नाहीत. घरातल्यांची परवानगी तेवढी लागते.

तरीही हात शिवशिवत असतील, तर फक्त डाव्या चॅनलची चिप बदलावी. मग मोनो रेकॉर्डिंग लावायचं, एकच स्पीकर घ्यायचा, दोन्ही चॅनलची पातळी मीटरने जुळवायची आणि दुसऱ्या कुणाला तरी तो स्पीकर आलटून पालटून दोन्ही चॅनलना जोडायला सांगायचं, कुठला चालू आहे ते न सांगता. जुनं आणि नवं एकाच वेळी समोर असतं, त्यामुळे आठवणीवर विसंबायची गरज उरत नाही. पुन्हा पुन्हा अचूक ओळखता आलं, तर उजवी बाजूही खुशाल बदलावी. नाही आलं, तर उरलेल्या चिप पाकिटातच राहू द्याव्यात. निदान उजव्या बाजूचे पॅड तरी शाबूत राहतील.