पत्रा कुठून आणायचा?

जुनी गाडी घेऊन आमच्या गॅरेजमध्ये येणारा माणूस आधी इंजिनाची चौकशी करतो. इंजिन पुन्हा चालू होईल का, पार्ट मिळतील का, खर्च किती येईल? या प्रश्नांची उत्तरे आम्ही उभ्याउभ्या देऊ शकतो. पिस्टन, रिंगा, गॅस्केट यांची सोय होते. नाहीच झाली तर नागपूरचा खरादी एखादा भाग नवा करून देतो, आणि तो बॉनेटखाली झाकलेला असल्याने कसा दिसतो हे कोणी पाहत नाही. आमची खरी अडचण पत्र्यापाशी सुरू होते. जी गाडी बनणेच बंद झाले, तिचे मडगार्ड, तिचा दरवाजा, तिची डिकी आणायची कुठून?

भंडाऱ्यात आमचे डेंटिंग-पेंटिंगचे काम आहे. अब्बांनी ते सुरू केले, आता आम्ही दोघे भाऊ चालवतो. अब्बांच्या काळात सरकारी कचेरीतल्या साहेबांकडे आणि भातगिरणीच्या मालकांकडे अ‍ॅम्बेसेडर असे, डॉक्टर-वकिलांकडे फियाट, आणि तुमसरकडच्या खाणींच्या वाटेवर जीप धावत. जीपचा आम्हाला आजही त्रास नाही. तिचे पत्रे बहुतेक सपाट. कापून, वाकवून कोणत्याही वर्कशॉपमध्ये तयार होतात. शिवाय तिची चेसीस वेगळी असते. अ‍ॅम्बेसेडर आणि फियाटचे तसे नाही. त्यांच्या अंगावर सरळ रेघ शोधून सापडत नाही, आणि वेगळी चेसीसही नाही. बॉडी हाच गाडीचा सांगाडा. त्यामुळे दरवाज्याखालची पट्टी किंवा तळाचा पत्रा गंजला की नुसती शोभा जात नाही, गाडीची हाडेच खिळखिळी होतात.

अ‍ॅम्बेसेडर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनत असे. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून ती घेतली होती. 1950 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले ते काम मे 2014 मध्ये थांबले. आपल्या मुंबईच्या कुर्ल्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनू लागली, 1974 पासून तिला ‘पद्मिनी’ म्हणू लागले, आणि 2000 च्या सुमारास तिचेही उत्पादन बंद पडले. 2017 मध्ये ‘अ‍ॅम्बेसेडर’ हे नाव पूजो या फ्रेंच कंपनीने 80 कोटी रुपयांना विकत घेतले. बातमी वाचून आमचे एक जुने गिऱ्हाईक आशेने आले होते. त्यांना सांगावे लागले की विक्री नावाची झाली आहे, नावातून दरवाजा निघत नाही.

कारखाना बंद पडला म्हणून पत्रा लगेच संपला, असे मात्र झाले नाही. पद्मिनी बंद झाल्यावरही कितीतरी वर्षे आम्हाला तिची मडगार्डे मुंबईहून मिळत होती. अ‍ॅम्बेसेडरसाठी कोलकात्याचा मल्लिक बाजार होता, दिल्लीचे काश्मिरी गेट होते. याचे कारण टॅक्सी. मुंबईची काळी-पिवळी आणि कोलकात्याची पिवळी टॅक्सी रोज कुठे ना कुठे घासायची, ठोकरायची, आणि दुसऱ्या दिवशी तिला धंद्यावर जायचे असायचे. तेवढ्या मागणीवर छोटे-छोटे कारखानदार पत्रे बनवत राहिले. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आहे. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली होती, ती 30 ऑक्टोबर 2023 रोजी रस्त्यावरून उतरली. कोलकात्यात ही मर्यादा 15 वर्षांची, त्यामुळे तिथल्या पिवळ्या अ‍ॅम्बेसेडरही ओळीने मोडीत चालल्या आहेत. म्हणून आम्ही म्हणतो की जोवर गरिबाची रोजी एखाद्या गाडीवर चालते, तोवर तिचा पत्रा बाजारात असतो. ती गाडी नुसती हौसेची किंवा आठवणीची उरली की दुकानदार हात वर करतो.

आमच्या जिल्ह्यात हे फार नवलाचे वाटते. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघते, वरठीला पोलाद तयार होते, गडेगावला ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. आणि एका अ‍ॅम्बेसेडरच्या डाव्या मडगार्डासाठी आम्ही चार शहरांना फोन लावत बसतो. कारण मोटारीचा पत्रा मोठ्या प्रेसमध्ये दोन साच्यांमध्ये दाबून घडतो. तो साचा बनवायलाच इतका पैसा लागतो की हजारो नग खपल्याशिवाय परवडत नाही. दहा गिऱ्हाइकांसाठी साचा कोण करणार? इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाच्या कंपनीने जुने साचे आणि हत्यारे जपली, आणि 1988 पासून एम.जी.बी. या बंद पडलेल्या गाडीची अख्खी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. आपल्याकडे अशी सोय आमच्या पाहण्यात नाही.

2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला, तो वाचकांना आठवत असेल. त्यानंतर आमच्याकडे एक अ‍ॅम्बेसेडर आली. गाडी 1984 ची. पाण्यात उभी राहिली होती. मालकाने इंजिन धुऊन चालू करून घेतले, आणि सगळे ठीक आहे असे समजून गाडी तशीच ठेवली. दोन पावसाळ्यांनंतर दरवाज्यांच्या तळाला बोट लावले तर बोट आत जाऊ लागले. पुराचा बारीक गाळ दरवाज्याच्या पोकळीत बसतो, ओल धरतो आणि आतून पत्रा खातो. वरून रंग चकचकीत असतो.

आम्ही हिशेब सांगितला. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त होता. हे आधीच सांगितलेले बरे, नंतर तोंड लपवायची वेळ येऊ नये. ते गृहस्थ काही न बोलता गेले. दोन महिन्यांनी परत आले. म्हणाले, “चाचा, घरी विचारलं जी. आई म्हणते, बाबांची गाडी आहे, भंगारात द्यायची नाही. हप्त्याहप्त्यानं दिले तर चालतील का?”

मडगार्ड बाहेरून मागवले. ‘कंपनीचा नवा माल’ म्हणून आगाऊ पैसे घेऊन एका दुकानदाराने पाठवले. आमची सवय अशी की आलेल्या पत्र्यावर आधी लोहचुंबक फिरवायचे. तीन जागी चुंबक धरेना. रंग खरवडला तर खाली पुट्टी, पुट्टीखाली जुना गंज. माल परत गेला; पैसे परत यायला मात्र बराच काळ लागला. टंचाई आली की लबाडीही येते. जुन्या पत्र्याला जुना म्हणून विकण्यात काही कमीपणा नाही. घेणाऱ्याला ते माहीत असले पाहिजे, एवढेच.

शेवटी मडगार्ड आम्ही हाताने घडवले. उजव्या बाजूच्या शाबूत मडगार्डावर पुठ्ठे लावून फर्मे काढले आणि ते उलटे करून डाव्या बाजूला धरले. 20 गेजचा पत्रा तीन तुकड्यांत कापला. वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने त्याला पोट काढले, मग डॉलीवर बारीक ठोके देऊन गुळगुळीत केला. जिथे पत्रा जास्त ताणला गेला तिथे तापवून, ओले फडके लावून आकसवला. दर तासाला फर्मा लावून पाहायचा. तुकडे जोडून, घासून, गाडीवर बसवेपर्यंत 17 दिवस गेले.

हे ठोके अब्बांनी भंडाऱ्याच्या पितळेच्या कारागिरांकडे पाहून शिकले होते. आपले गाव पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. घागरीचे पोट मठारताना धातू कुठे ताणायचा आणि कुठे गोळा करायचा, हे त्या कारागिरांच्या हातात असे. अब्बा त्यांना उस्ताद म्हणत. आज पितळेचा ठोका कमी झाला आणि आमचाही. नव्या गाडीला पोचा आला की पूर्ण पॅनेल बदलतात, विमा कंपनी पैसे देते, काम दोन दिवसांत संपते. त्यात काही वाईट नाही. पण अशा कामात मुलगा पाने-बोल्ट शिकतो, पत्रा शिकत नाही. आमच्या थोरल्या भावाला उजव्या कानाने आता कमी ऐकू येते. आयुष्यभर हातोडा ऐकला, त्याची ही किंमत. त्यांच्यामागून हे काम करील असा हात अजून तयार नाही.

एक गोष्ट मात्र हाती घेतली आहे. चांगल्या अवस्थेतली कोणतीही जुनी गाडी आमच्याकडे आली की मालकाची परवानगी घेऊन तिच्या प्रत्येक वळणाचा फर्मा काढून ठेवायचा. हे फर्मे अम्मीने जुन्या साड्यांत गुंडाळून वरच्या फळीवर ठेवले आहेत, प्रत्येकावर गाडी आणि बाजू स्वतःच्या अक्षरात लिहून. आमची भाची इंजिनिअरिंगला आहे. ती आता एकेक फर्मा मापे घेऊन कॉम्प्युटरवर उतरवते. त्यावरून नागपूरला लेझरने पत्रा नेमका कापून मिळतो. गोलाई अजून हातानेच द्यावी लागते, पण कापण्याचे दोन-तीन दिवस वाचतात. सुट्टीच्या दिवशी तीही हातोडा धरू लागली आहे.

सरकारने 2021 मध्ये 50 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचा नियम केला. गाडी मूळ रूपात हवी, तिची चेसीस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. पुरातून वाचलेल्या त्या अ‍ॅम्बेसेडरला 50 वर्षे पूर्ण व्हायला 2034 उजाडेल. तोवर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नव्याने नोंदणी. म्हणजे तिचा पत्रा तिच्या मूळ रूपातच टिकवायचा आहे.

ज्यांच्या अंगणात अशी गाडी उभी आहे त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. दरवाज्यांच्या तळाशी पाणी निघायची बारीक भोके असतात, ती पावसाळ्यापूर्वी तारेने मोकळी करावीत. आणि प्लास्टिकची ताडपत्री गाडीला घट्ट गुंडाळू नये, आत वाफ धरते. गाडी मोडीत काढायची वेळ आलीच, तर भंगारवाल्याआधी गावातल्या डेंटरला बोलवावे. भंगारात दरवाजा वजनावर जातो. तोच दरवाजा कुणाच्या तरी अब्बांची, बाबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणू शकतो.